बाबांनी तपासलेली नोटीस

...नाही, पण चोर कधी पोलिसाचं गणित तपासतो का? तुम्हीच सांगा! आमच्या बाबांनी तपासलं! बाबा म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर. घरात रोज चार बॅच, पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि आयकराच्या फॉर्मवर काय? फक्त पेन्शन! सहा वर्षं! मी म्हटलं, बाबा, शिकवणीचं उत्पन्न दाखवा. लगेच काकांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा, खर्जातला आवाज, "अगं, विद्यादान ते! दानावर कुठे कर असतो?" दान! पाच तारखेला फी आली नाही तर पोराला दाराबाहेर उभं करतात, ते दान! पण मी गप्प बसायचं... मी लहान ना!

मग आली नोटीस. बुडवलेला कर, वर व्याज, आणि उत्पन्न लपवलं म्हणून तेवढाच दंड! आई, बाबा आणि मी, तिघं गेलो आयकर ऑफिसात. साहेब सज्जन निघाले. म्हणाले, "सर, चूक झाली असं लिहून द्या, दंड निम्मा करतो." एक ओळ हो! निम्म्या दंडात माझे पुढच्या शिक्षणाचे पैसे वाचत होते, दोन वर्षं दुकानात उभं राहून साठवलेले! आणि बाबा? "चूक? चाळीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्यात, साहेब!" मी टेबलाखालून पाय मारला. आई फिस्कारली, "अगं, वडिलांना लाथ मारतेस?" घ्या! घर बुडतंय आणि हिला लाथ दिसतेय! अर्थात... मी लहान ना!

एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले? खिशातून लाल पेन काढलं, नोटीस पुढ्यात ओढली आणि साहेबांना म्हणतात, "व्याज चुकलंय तुमचं. एक वर्ष कमी धरलंय. पुन्हा करा!" मी ओरडले, "बाबा, कमी धरलंय ते आपल्या फायद्याचं आहे!" तर म्हणे, "गणितात फायदा-तोटा नसतो, उत्तर असतं." साहेबांनी पुन्हा केलं. आकडा वाढला. "सर, तुमचंच बरोबर." आणि बाबा जिना उतरताना असे खूश, असे खूश, जणू बोर्डात पहिले आले!

माझे पैसे दंडात गेले. ॲडमिशन गेली. आता संध्याकाळची बॅच मी घेते, आणि प्रत्येक फीची पावती फाडते, बघू काय करतात! काल बाबांनी पावतीपुस्तक उघडलं. मी कंबर कसून उभी. पानं चाळली, चष्मा वर केला, म्हणाले,

"अक्षर सुधार."

...सुधारतेय. काय करता!