टायपिंग क्लासचे सील

मी, सौ. पद्मजा सूर्यकांत मोकाशी, वय ५६, धंदा टायपिंग क्लास, राहणार सूरजबाग कॉलनी, मानेसर रस्ता, चौकीत समक्ष हजर राहून सांगते ती हकीकत अशी. इथे मराठी लिहिणारे कोणी नाही आणि सही करायचा कागद मला माझ्याच भाषेत हवा, म्हणून ठाणेदारांच्या परवानगीने माझे पती लिहून घेत आहेत. हिंदी तर्जुमा सोबत जोडायचा आहे.

पती केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, त्या पैशात हे घर बांधले. १९९४ साली पुढच्या खोलीत मी क्लास सुरू केला. तोवर कॉलनीत घरोघरी ब्यूटी पार्लरे, कुरिअरची ऑफिसे निघाली होती. पण नगरपालिकेत जाऊन 'आमच्या घरात धंदा चालतो' असे आपणहून लिहून देणारे माझे पती एकटेच. शेजारी हसले. मीही त्यांना वेड्यात काढले, पण त्यांच्यापुढे नियम म्हणजे नियम.

धंद्याचा कर एका खोलीवर लागायचा तो सबंध घरावर लागला. पतीने हरकतीचे अर्ज दिले. सुनावणी झाली नाही, दंड मात्र चढत गेला.

शुक्रवार, १४ मार्च १९९७ रोजी दुपारी वसुली पथक ढोलवाले घेऊन दारात आले. दारात ढोल बडवून थकबाकीदाराचे नाव पुकारायची त्यांची पद्धत आहे. पतीचे नाव वडिलांच्या नावासकट पुकारले. पती अर्जांच्या पोचपावत्या हातात धरून काही सांगत होते. ढोलापुढे ते कोणाला ऐकू आले नाही.

शेजारी टुटेजांचा बँक्वेट हॉल आहे. त्याचा कर एकदाही भरलेला नाही. मी निरीक्षकांना विचारले, "इनका क्या?" ते म्हणाले, "उनका तो माफ हो गया, आंटीजी. मालिक मिलता ही नहीं." त्या वेळी टुटेजा स्वतः पथकाला पुऱ्या वाढत होते. निरीक्षकांनी त्यांच्याकडून लोणचे मागून घेतले.

मग क्लासला सील लावले. माझी विद्यार्थिनी सलोनी हिची दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी नोकरीची टायपिंग परीक्षा होती. तिथे मशीन ज्याचे त्याने न्यायचे असते आणि तिचे मशीन आत अडकले. सरकारी नोकरीचे तिचे वय यंदा संपते. मी म्हटले, "मशीन निकालने दीजिए, फिर जो लगाना है लगाइए." उत्तर मिळाले, "सोमवार को ऑफिस आइए." सलोनी पायरीवर बसून राहिली. ती रडलीसुद्धा नाही, आणि मला त्याचाच जास्त संताप आला.

पथक गेल्यावर मी स्वयंपाकघरातला बत्ता आणून सील आणि कुलूप दोन्ही फोडले व मशीन सलोनीच्या हवाली केले. ती परीक्षेला बसली. पालिकेच्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून टुटेजांची सही आहे. एवढ्या कामापुरते ते पालिकेला सापडले.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'सील माझ्याकडून चुकून तुटले' असे वाक्य निघाले. ते मी सांगितलेले नाही, पतीने आपल्या मनाने घातले. उभ्या नोकरीत त्यांनी कागदावर खोटे लिहिले नव्हते. ते वाक्य मी त्यांच्याच हाताने खोडून घेतले आहे. बाकी जबाब खरा आहे.