फॅशन गेली म्हणे

[नाशिक, १९८४. गंगापूर रोडवरचं मुलींचं वसतिगृह. श्यामला आणि चांगुणा एकाच खोलीत राहतात, दोघी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या गॅदरिंगची संध्याकाळ.]

श्यामला : नाही, नाही, नाही. आज तरी नाही. काढ ते.

चांगुणा : काय काढू?

श्यामला : ते फ्रॉकखालचं. स्लॅक्स.

चांगुणा : तीन वर्षं घालतेय. आज काय झालं?

श्यामला : आज तुला स्टेजवर जायचंय, चांगुणा. बक्षीस घ्यायला. सगळं कॉलेज तुझ्याकडे बघणार.

चांगुणा : बघू दे की. बक्षीस झाडंझुडपं गोळा केल्याचं आहे. पायांचं नाही.

श्यामला : विनोद नकोत. ही बघ, माझी जांभळी शिफॉन इस्त्री करून ठेवलीय. ब्लाउजसुद्धा तुला होईल.

चांगुणा : एवढं काय पडलंय तुला?

श्यामला : अगं, ती फॅशन गेली! कुणीतरी सांगायला हवं ना तुला. दादरची माझी मावसबहीण म्हणते, आता एकतर सलवार-कमीज, नाहीतर सरळ मिडी. खाली काही नाही. फ्रॉक आणि त्याच्याखाली स्लॅक्स म्हणजे आता फक्त...

चांगुणा : फक्त काय?

श्यामला : फक्त तू. अख्ख्या कॉलेजात.

चांगुणा : गेली तर जाऊ दे. मी कुठे तिच्यामागे आले होते? तीच माझ्यामागे आली होती.

श्यामला : हं. ते खरंय.

चांगुणा : कॉलेजचा पहिला दिवस आठवतो? आईनं सटाण्याला दोन फ्रॉक शिवून घेतले होते. शहरात पोरी हेच घालतात, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. आणि पाय उघडे नकोत म्हणून सावळीराम शिंप्यानं निळा पायजमा शिवला, पायाला चिकटेल असा. वर्गाच्या दारात आले आणि सगळी बाकं माझ्या पायांकडे बघायला लागली.

श्यामला : आणि मी ओरडले, 'अय्या, मुंबईत सध्या हेच चाललंय!'

चांगुणा : पार शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

श्यामला : थाप होती ती.

चांगुणा : मला त्याच दिवशी कळलं. पण बसायला जागा मिळाली, तुझ्या शेजारी.

श्यामला : आणि दिवाळीपर्यंत अकरा मुली तसंच घालून यायला लागल्या.

चांगुणा : बारा. एक तू.

श्यामला : तेव्हा होती फॅशन. आता नाही. एवढंच सांगतेय मी. कपड्यांचंही वय असतं गं.

चांगुणा : श्यामला, पहिल्या सहलीला मी साडी नेसून ब्रह्मगिरी चढले होते. घाणेरीच्या जाळीत पदर अडकला. अर्धा तास सोडवत बसले, आणि सर पुढे निघून गेले. तेव्हा ठरवलं, डोंगरात हाच वेश. फ्रॉकला खिसे आहेत, कात्री राहते, कागद राहतो. पायाला कुसळ लागत नाही. आता सवय झाली. आणि खरं सांगू? मला मी यात बरी दिसते.

श्यामला : बरी दिसतेस, नाही कोण म्हणतंय? पण आजचा दिवस. माझ्यासाठी.

चांगुणा : नको. नाना येणार आहेत आज. मला साडीत बघून म्हणतील, ही कोणाची पोरगी?

श्यामला : नाना? तुझे वडील? आज? हॉलमध्ये?

चांगुणा : परवाच पत्र आलं. बक्षीस बघायला येतायत. कॉलेजात पाऊल पहिल्यांदाच टाकतील.

श्यामला : अगं, मग आधी का नाही सांगितलंस!

चांगुणा : आता सांगितलं. तू अशी का बघतेस?

श्यामला : काही नाही. मला जायला हवं. अनाउन्सिंग माझ्याकडे आहे, फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या लावायच्यात अजून.

चांगुणा : यंदा कोणाकोणाची टोपी उडवलीय?

श्यामला : आधी सांगायचं नसतं. चांगुणा... शेवटचं विचारते. नेसतेस साडी?

चांगुणा : जा तू. उशीर होतोय तुला.

[दुसऱ्या दिवशी सकाळी. वसतिगृहाची भेटीची खोली. चांगुणाचे वडील निवृत्ती खैरनार आले आहेत.]

निवृत्ती : ट्रंक भरली का नाय?

चांगुणा : नाही भरली, नाना. रात्री कुठे होतात तुम्ही? सगळीकडे शोधलं.

निवृत्ती : द्वारका नाक्यावर. आपल्या झिपरूच्या ट्रान्सपोर्टात पडलो. ते ऱ्हाऊ दे. नऊची सटाणा गाडी हाय. चल.

चांगुणा : परीक्षा दीड महिन्यावर आलीय.

निवृत्ती : परीक्षेपुरती ये. मी आणून सोडीन. पन हितं ऱ्हायाचं नाय आता.

चांगुणा : का?

निवृत्ती : का म्हंजे? हजार मानूस हसलं तुला. कोन ती पोरगी माइकवर, तिनं वाचलं, आन् समदे हसले.

श्यामला : काका, चहा आणलाय.

चांगुणा : नाना, ही श्यामला. माझ्या खोलीतली.

निवृत्ती : बस पोरी. तूच सांग हिला. हितं काय ऱ्हायलंय आता हिचं?

चांगुणा : तुम्ही चहा घ्या आधी. आणि बक्षिसाच्या वेळी कुठे गेलात, ते सांगा.

निवृत्ती : भाईर गेलतो.

चांगुणा : बिडीला?

निवृत्ती : नाय. खोटं कशाला बोलू? लाज वाटली.

चांगुणा : माझी?

निवृत्ती : तुझी नाय, पोरी. माझी मला. मी पार मागं बसलेलो. आजूबाजूला समदी पोरं. एकेक चिठ्ठी वाचत व्हते, सुरवातीला पोरं हसत व्हती, मी बी हसत व्हतो. मंग ते आलं... कसं व्हतं ते?

श्यामला : 'मुंबईत जन्मली, नाशकात मेली फ्रॉक-पायजम्याची फॅशन, नामपूरची गाडी मात्र अजून शोधते स्टेशन.'

निवृत्ती : तेच. नामपूर ऐकलं आन् मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्या गावाचं नाव घेतलं! लय हसलो. बाजूच्या पोराच्या मांडीवर थाप मारली मी. आन् त्याच्यानंतर नाव आलं. कुमारी चांगुणा निवृत्ती खैरनार. माझं नाव जन्मात कधी माइकवर आलं नव्हतं. आलं ते असं. आन् माझं त्वांड अजून हसतच व्हतं.

चांगुणा : मी बघितलं, नाना.

निवृत्ती : काय बघितलं?

चांगुणा : तुम्हाला हसताना. तुम्ही कुठे बसलात ते बघायला वळले होते, तेव्हाच.

निवृत्ती : आन् काय वाटलं?

चांगुणा : वाईट वाटलं. मग तुमचं हसू गेलेलं दिसलं, आणि तुम्ही उठलात. त्याचं जास्त वाईट वाटलं.

निवृत्ती : म्हनून म्हनतो, चल. बापच हसला, तिथं परक्याचं काय सांगू?

चांगुणा : तुम्हाला माहीत नव्हतं ते माझ्यावर आहे.

निवृत्ती : नव्हतं, पन हसलो ना.

चांगुणा : नाना, नामपूरच्या लिलावात व्यापारी आपल्या कांद्याला हसत नाहीत? म्हणतात, खैरनार, हा काय माल आणला? तुम्ही लगेच गाडी फिरवता?

निवृत्ती : भाव पटला नाय तर फिरवतो की!

चांगुणा : पण बाजार उठेपर्यंत थांबता. माझा भाव अजून निघायचाय. परीक्षा झाल्यावर पुण्याला एम.एस्सी.ला अर्ज करणार आहे मी. आता गाडी फिरवली तर हसणाऱ्यांचंच खरं होईल.

निवृत्ती : बोलायला तू हुशारच शे. पन काल तिथं कुठं बोलली? चिठ्ठी घ्यायला वर गेली आसशील, खाली मान घालून.

श्यामला : काका, तुम्ही तेव्हा बाहेर गेला होतात. तुम्ही ऐकलंच नाहीत.

निवृत्ती : काय ऐकलं नाय?

श्यामला : ही वर आली. चिठ्ठी घेतली. रिवाज असा आहे की चिठ्ठी घ्यायची, हसायचं आणि खाली उतरायचं. हिनं माझ्या... माइकवाल्या मुलीपुढे हात केला. माइक मागितला.

निवृत्ती : मंग?

श्यामला : म्हणाली, 'फॅशन मेली हे कळवल्याबद्दल आभार. तिच्या दहाव्याला मला येता येणार नाही, त्या दिवशी मी रामशेज किल्ल्यावर असेन. साल्हेरपासून ब्रह्मगिरीपर्यंत मी एकशे बेचाळीस वनस्पती जमवल्यात, त्यातल्या निम्म्यांना काटे आहेत. ज्यानं हे लिहिलं त्यानं रविवारी माझ्याबरोबर यावं. जी फॅशन चालू असेल ती घालून यावं. संध्याकाळी आपण दोघांचे पाय बघू.'

निवृत्ती : आसं बोलली ही? माइकमधी?

श्यामला : शब्दन् शब्द. मागून कुणीतरी टाळी वाजवली, एकट्यानंच. लॅबमधले मल्हारीमामा, शिपाई. हिची झाडं तेच वाळवतात. मग सगळे वाजवायला लागले. खूप वेळ.

निवृत्ती : आन् मी भाईर पायऱ्यांवर बसेल व्हतो. टाळ्या ऐकल्या मी. वाटलं, दुसऱ्या कोनाचं तरी चाललंय.

चांगुणा : नाना, चहा निवला.

निवृत्ती : निवू दे. बक्षीस काय दिलं?

चांगुणा : हे प्रशस्तिपत्र. आणि हे भिंग. यातून पानावरची लव दिसते. हे बघा.

निवृत्ती : कागद दाव आधी. चांगुणा... निवृत्ती... खैरनार. हितं बी माझं नाव शे.

चांगुणा : असणारच. पूर्ण नाव लिहितात.

श्यामला : काका, मला एक सांगायचंय. ती माइकवरची मुलगी मी आहे.

निवृत्ती : कोन? तू?

श्यामला : हो. मीच वाचली ती चिठ्ठी. चहा आणल्यापासून सांगेन सांगेन म्हणत होते, धीर होत नव्हता. माझं चुकलं.

निवृत्ती : ...आवाज चांगला शे तुझा. लांबवर जातो. मागं बसून समदं साफ ऐकू आलं मला.

श्यामला : काका, तुम्ही रागवा माझ्यावर.

निवृत्ती : काय रागवू? मी हसलो, तू वाचलं. रागवायचं आसलं तर हिनं रागवावं. चांगुणा, मी निघतो. नऊची गाठायला पायजे.

चांगुणा : आणि ट्रंक?

निवृत्ती : कोनती ट्रंक? परीक्षा झाली का पत्र टाक, मंग येतो न्यायला. आन् तुझ्या आईला काय सांगू? इचारील ती, पोरीचे कपडे बरे दिसतात का शहरात?

चांगुणा : सांगा, अजून एक शिवून पाठव. गुडघ्याला विरलाय हा.

निवृत्ती : रंग कोनता?

चांगुणा : निळाच. नाना, हा कागद घेऊन जा. घरी लावा.

निवृत्ती : दे. दुमडायचा नाय ना?

चांगुणा : नाही. असा गुंडाळून धरा. थांबा, मी कोपऱ्यापर्यंत येते.

निवृत्ती : चल. येतो, पोरी. चहा चांगला केलता.

श्यामला : तुम्ही घेतलाच कुठे, काका?

[थोड्या वेळाने. त्या दोघींची खोली.]

श्यामला : गाडी मिळेल ना त्यांना?

चांगुणा : मिळेल. रिक्षात बसवलं. नको नको म्हणत होते.

श्यामला : रात्रभर तू एक शब्द बोलली नाहीस माझ्याशी.

चांगुणा : नानांची काळजी होती. ते सापडल्याशिवाय तुझ्यावर रागवायला सवड नव्हती.

श्यामला : आता आहे?

चांगुणा : आता आहे. ती चिठ्ठी तुला कधी मिळाली?

श्यामला : काल दुपारी. पेटी उघडली तेव्हा.

चांगुणा : म्हणजे साडी नेस म्हणालीस, तेव्हा माहीत होतं.

श्यामला : म्हणूनच तर म्हणत होते! तू साडीत असतीस तर त्या चिठ्ठीत काही दमच राहिला नसता. कुणाला कळलंच नसतं.

चांगुणा : मला बदलायला बघत होतीस. चिठ्ठी फाडायची सोडून.

श्यामला : सेक्रेटरीनं चिठ्ठ्या मोजून दिल्या होत्या...

चांगुणा : श्यामला.

श्यामला : नाही. तेही कारण नाही. लागोपाठ चार चिठ्ठ्या पडल्या होत्या गं. कुणी हसलंच नाही. आणि ही हातात होती. मला माहीत होतं, हिला हसतील.

चांगुणा : हसले.

श्यामला : हो. आणि त्या एका क्षणाला मला बरं वाटलं. मग तू वळून मागे बघितलंस, ते मी वरून पाहिलं. तुझं नाव वाचून झालं होतं तोवर.

चांगुणा : हे सांगितलंस ते बरं केलंस. सेक्रेटरीचं ऐकून घेतलं नसतं मी.

श्यामला : तू खोली बदलणार आहेस का?

चांगुणा : कशाला? दीड महिना राहिलाय. आणि त्या पहिल्या दिवशी तू माझ्यासाठी ओरडली होतीस, तेही मी विसरलेले नाही. एक ते आणि एक हे. दोन्ही तुझंच आहे. मला अजून लावता येत नाही, कोणतं कुठे ठेवायचं.

श्यामला : लॅबला येऊ तुझ्याबरोबर? आज प्रॅक्टिकल आहे.

चांगुणा : ये. वाट एकच आहे. पण रस्त्यानं बोलू नकोस.

श्यामला : का?

चांगुणा : तुझा आवाज अजून माइकवरचाच ऐकू येतो मला.

श्यामला : ...किती दिवस?

चांगुणा : कसं सांगू? चपला घाल. मल्हारीमामांनी दार उघडलं असेल.