लपवलेला रकाना

(सर्बियातल्या झायेचार गावात एका शाळेची संगणकांची खोली. आठवीचा तास नुकताच सुटला आहे. शिकवणाऱ्या ल्युबिंकाकडे तिचा भाऊ रादिशा हातात कागद घेऊन आला आहे.)

रादिशा: फळं नव्हती का तुमच्या पुस्तकात?

ल्युबिंका: होती. सफरचंदं, आलुबुखार. कुठल्या दुकानात किती विकली ते.

रादिशा: मग ती कापायची होतीस, ताई. आईला कशाला कापलंस?

ल्युबिंका: सात वर्षं तीच सफरचंदं कापतेय. पोरं एकमेकांचा पाय चार्ट उतरवतात, एकाचं चुकलं की अख्ख्या वर्गाचं चुकतं. म्हटलं, खरे आकडे देऊ. नावं काढली होती मी. मुलगी, शेजारीण, नर्स, मुलगा, एवढंच ठेवलं.

रादिशा: नोव्हेंबरात आई कुणाची गेली ते इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. आणि माझी पोर तियाना त्याच वर्गात. आजारपणात चारशेवीस दिवस आईजवळ कोण होतं? मुलगी शहाऐंशी टक्के, मुलगा दोन. शनिवारी कबरीवर सहा महिन्यांची प्रार्थना आहे, सगळे येणार. मी तोंड कुठे लपवू?

ल्युबिंका: आकडा चुकलाय का?

रादिशा: तुझे आकडे कधी चुकलेत? मी ट्रक घेऊन ऑस्ट्रियात असायचो, तिथून रोज फोन करायचो. त्याची फाक कुठाय यात?

ल्युबिंका: फोननं आईची चादर बदलता आली असती तर ठेवली असती.

रादिशा: वर्गात हसले म्हणे.

ल्युबिंका: तियाना म्हणाली?

रादिशा: ती कसली बोलतेय. बायकोनं दुसऱ्या एका आईकडून ऐकलं.

ल्युबिंका: एकानं विचारलं, बाई, मुलाची फाक इतकी बारीक आहे की आकडा मावत नाही, 'इतर'मध्ये टाकू का? तेव्हा हसले.

रादिशा: आणि तू?

ल्युबिंका: मी म्हटलं, टाकू नका. बारीक असली तरी वेगळी दिसली पाहिजे.

रादिशा: तियानाकडे बघितलंस?

ल्युबिंका: नाही.

रादिशा: मुद्दाम?

ल्युबिंका: ते चुकलं माझं. तिला सांगेन मी तसं. तुला नाही सांगणार.

रादिशा: नको सांगूस. घरून भांडायलाच निघालो होतो. पण हा दुसरा कागद बघ. काल तिनं घरी केला. नुसता गोल, एकच रंग, फाक एकही नाही. मी म्हटलं, बिघडलाय. ती म्हणते, नाही बाबा, असाच येतो.

ल्युबिंका: हा कुठून काढला तिनं?

रादिशा: तुझ्याच फाइलीतून. म्हणे रकान्यांवर ए, बी आणि मग एकदम डी. सी नव्हताच.

ल्युबिंका: लपवला होता. पुसायला हवा होता. मधलं अक्षर गळलं की समजा कुणीतरी काहीतरी झाकलंय, हे मीच शिकवलं त्यांना.

रादिशा: आहे काय त्या सीमध्ये?

ल्युबिंका: तिनं नाही सांगितलं?

रादिशा: म्हणाली, आत्याला विचारा.

ल्युबिंका: आईच्या काय लक्षात राहतं ते रोज लिहा, असं डॉक्टर म्हणाले होते. जवळ कोण होतं ते बीमध्ये लिहायचे. तिनं दिवसभरात कुणाबद्दल विचारलं ते सीमध्ये.

रादिशा: आणि?

ल्युबिंका: तुझंच नाव, रादिशा. चारशेवीस वेळा. एकच नाव असलं तर रेघ कुठे मारणार? अख्खा गोल येतो.

रादिशा: मी आलो होतो ते नऊ दिवस तरी सोड.

ल्युबिंका: तेही. तू समोर बसून सूप भरवत होतास आणि ती तुला म्हणाली, डॉक्टर, आमचा रादिशा निघाला का हो तिकडून?

रादिशा: मला वाटलं, थट्टा करतेय.

ल्युबिंका: मी वाटू दिलं.

रादिशा: फोनवर एकदा तरी सांगायचंस. असशील तिथे ट्रक सोडून आलो असतो.

ल्युबिंका: माहीत होतं. म्हणून नाही सांगितलं.

रादिशा: ताई.

ल्युबिंका: त्या कोपऱ्यातलं यंत्र बंद कर. पोरं तसंच टाकून जातात.

रादिशा: आणि तुझ्याबद्दल? एकदाही नाही विचारलं तिनं?

ल्युबिंका: माझ्याबद्दल कशाला विचारेल? मी तिथंच होते.