हललेल्या डोक्याचा अहवाल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आमचे मोठे डॉक्टर, सहकारी मित्रमैत्रिणींनो आणि सभागृहातल्या सर्व मंडळींनो,

सव्वीस वर्षं मी या केंद्राच्या तळघरात मुलांच्या मेंदूचे स्कॅन काढले. आज निवृत्त होतेय. आत्ता माझ्याबद्दल इतकं गोड बोललं गेलं, की ही बाई कोण असं मलाच वाटलं. असो.

मशीनमध्ये मुलांनी निपचित पडायचं असतं. डोकं हललं की चित्र बिघडतं आणि मेंदूचा थर आहे त्यापेक्षा पातळ दिसतो. आमच्याकडे नवशिक्यालासुद्धा हे पहिल्या आठवड्यात कळतं. आता सांगा, तापट, वांड म्हणून जी मुलं आपल्याकडे पाठवतात, ती गप्प पडून राहतील का?

तीन महिन्यांपूर्वी एक अकरा वर्षांची मुलगी आली. तिच्या आईला विचारूनच हे सांगतेय. आजी तिला भिंगरी म्हणते, यावरून काय ते ओळखा. वर्गात मारामारी केली म्हणून शाळेने पाठवलेली. त्यात दाढ ठणकत होती, सारखी वळवळत होती. मी कागदावर लिहिलं, "मुलगी हलली. स्कॅन पुन्हा घ्यावा." मोठ्या डॉक्टरांनी ती ओळच गाळली. अहवालात लिहिलं, बाप भांडखोर, मुलीच्या मेंदूचा थर पातळ, म्हणून हिंसक होण्याचा धोका कायमचा. मी विचारायला गेले तर म्हणाले, "अहो बाई, रक्तातच आहे ते. कशाला वेळ घालवता?" शाळेने तिचं नाव कमी केलं.

किळस येते हो. रक्तातून काही येत नाही असं मी म्हणत नाही. येतं. मेंदूमेंदूत फरकही असतो. पण धोका म्हणजे शक्यता, निकाल नव्हे, हे साहेब, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? मग एका पोरीवर शिक्का मारताना तुमचा हात कसा अडखळला नाही? आणि शिसारी मला माझीही येते. निवृत्ती जवळ आली होती, सगळं सुरळीत पार पडावं म्हणून मी मिठाची गुळणी धरून बसले.

आईने त्याविरुद्ध दाद मागितली आहे आणि सोमवारी शाळेच्या समितीपुढे शेवटची सुनावणी आहे. तिची आई इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. ताई, माझ्या सहीच्या त्या कागदाची प्रत या पाकिटात आहे. समितीपुढे मी स्वतः येऊन हेच सांगेन. परवानगी कुणाची घेतलेली नाही.

केंद्राने मला पुष्कळ दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर पोटात घाला. मी इतके दिवस गप्प बसले, त्याला मात्र ताई, तुम्ही माफी द्यायलाच हवी असं काही नाही.