लाल झाकण

भांडावं तर आमच्या कर्जतच्या ख्रिस्ती बायकांनी, डोळे मिटून! आमची आई आणि तिची मैत्रीण रूथमावशी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. मावशीनं नाताळात डबाभर करंज्या दिल्या आणि डबा बिनझाकणाचा परत गेला, एवढंच कारण. पण गुरुवारच्या प्रार्थनासभेला दोघी हजर. आणि तिथं कुणी प्रार्थना करत असताना मधे बोलायचं नसतं.

त्या गुरुवारी मार्थाआजीच्या घरी चर्चच्या पाळकसाहेबांनी क्षमेवर संदेश दिला. लगेच मावशीनं प्रार्थना धरली, "प्रभू, ज्या बहिणीनं माझं झाकण ढापलं, तिला क्षमा कर."

तिचं आमेन होतंय न होतंय तोच आई म्हणाली, "प्रभू, खोटं बोलणाऱ्या बहिणीलाबी क्षमा कर. डब्याला झाकणच नव्हतं, तुला समदं ठाऊक हाय."

"प्रभू, झाकण लाल हुतं!"

पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला आणि घाबरून परत मिटला.

शेवटी मार्थाआजी कडाडली, "प्रभू, तू लई मोठा हायेस, पन यात पडू नको. ह्या दोघींना आपसात बोलू दे. चहा गार झाला. आमेन!"

सगळ्यांनी डोळे उघडले. मावशी वर्षानं पहिल्यांदा थेट आईकडं बघून म्हणाली, "लालच हुतं."

आई खाली मान घालून म्हणाली, "व्हय. माझ्या पिठाच्या डब्याला लई बरोबर बसतंय गं."

"मग राहू दे तुझ्याकडंच. मी केली क्षमा," मावशी म्हणाली, "पन प्रभूला तोंडावर खोटं सांगितलंस, ते तू आन् तो बघून घ्या."