बिब्ब्याखालची जखम

मंडळी, नाना गेले म्हणून तुम्ही सगळे त्यांच्या अंगणात जमलात. मला बोलायला उभं केलंत. दुःख म्हणाल, तर ते आहेच. पण खरं सांगू? मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

नानांच्या आणि माझ्या शेताला एकच बांध. पायात काटा मोडला की गाव कुठे जायचं? नानांकडे. नाना सुईने काटा काढायचे, बिब्बा दिव्यावर धरायचे आणि त्याचं गरम तेल जखमेवर टेकवायचे. आपण बोंब मारायची आणि नाना हसायचे, "इतला मोठा व्हयना, आनि रडस काय?" इथे बसलेल्यांत कुणाच्या टाचेला नानांचा डाग लागला नाही, सांगा बरं! हाताला गुणच होता त्यांच्या.

तेच नाना कपाशी कापलेल्या रानात अनवाणी गेले. पऱ्हाटीचं धसकट टाचेत खोल घुसलं. मी म्हटलं, नाना, अमळनेरला चला, इंजेक्शन घेऊ. म्हणाले, "माले काय व्हस? जन्म गया काटा काढामा!" स्वतःच्या हाताने बिब्बा लावला. जखम वरून छान सुकली. रक्त नाही, पू नाही. आम्हीही म्हटलं, चला, सुटलो.

मग एक दिवस भाकरीचा घास तोंडात जाईना. जबडाच उघडेना. आम्हाला वाटलं, दाढ दुखत असेल. शेक दिला. मग मान ताठली, मग पाठ धनुष्यासारखी वाकली. कुणी नुसतं दार लावलं तरी अंग आखडायचं. मी पाहिलंय ते. डोळे मिटले की अजून दिसतं. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. टाच वरून मिटली होती, माती आत तशीच होती.

खरचटलं, वरवर कापलं, तर घरी धुवा, स्वच्छ फडकं बांधा. कोण नाही म्हणतंय? पण खोल घुसलं, माती आत गेली, तर घरचं औषध तिथवर पोचतच नाही. नानांचा हात पोचला नाही, तिथे तुमचा-माझा काय पोचणार?

आता ऐका, मी कशाला घाबरलोय ते. नाना दवाखान्यात असताना आपल्या अक्का बैलांसाठी चारा आणायला त्याच रानात गेल्या. नवरा तिकडे तळमळतोय, ह्यांना चपलांची शुद्ध कुठली? काल मी त्यांना लंगडताना पाहिलं. टाच बघितली. मंडळी, तिथे बिब्ब्याचा काळा डाग आहे. ताजा!

मी म्हटलं, अक्का, आत्ताच्या आत्ता चला. तर म्हणतात, "सुतकमा घर कसं सोडू भाऊ? लोके काय म्हनतीन?"

लोक म्हणजे कोण हो? आपणच ना? इथे बसलोय ते!

आबा, तुम्ही भावकीत सगळ्यांत मोठे. अक्का तुमचा शब्द मोडत नाहीत. हात जोडतो, बोला. सगळ्यांसमोर बोला. ह्याच अंगणात पुन्हा असं उभं राहायची माझ्यात ताकद नाही हो, आबा.

...ऐकलंत, अक्का? आबा "जा" म्हणाले.

उठा. जीप दारातच आहे, मी चालवतो. सुनांनो, धरा त्यांना दोन्हीकडून.

मंडळी, आता सगळे उभे राहा. जीप फाट्यापलीकडे जाईपर्यंत कुणी बोलू नका. आज एवढंच मौन पुरे.

नाना, रामराम घ्या. अक्कांना दवाखान्यात नेतोय.