आगबंदीतले गक्कड

कोणी म्हणजे कोणी माझं ऐकलं नाही, तुम्हाला सांगते! वास येऊन राहिला, धुराचा वास येऊन राहिला... सांगून सांगून घसा सुकला, तर आमचे हे, मुरलीधरराव, पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "तुझ्या नाकाला दुसरं काही काम नाही काय?"

आता खोटं काहून बोलू, त्या हप्त्यात मी तीनदा बोंब मारली होती. एकदा शेजारच्या अनसूयाबाईंची उदबत्ती निघाली, एकदा खमरियाच्या बसचा धूर, अन् एकदा... जाऊ द्या, माझीच फोडणी करपली होती. पण माणसानं भ्यावं का नाही? आमचं क्वार्टर रांगेतलं शेवटचं. मागे कमरेएवढं गवत, असं वाळलेलं की पाय ठेवला तर पापडासारखं मोडते. गवतापलीकडे दारूगोळ्याच्या कारखान्याची भिंत. अन् भिंतीपलीकडे काय भरून ठेवलं आहे, हे खमरियात कोणाला सांगावं लागते काय? म्हणून तर कारखानेवाले ऑटोवर भोंगा लावून फिरले, पंद्रह दिन खुले में आग जलाना मना है. कचरा नाही, चूल नाही, कंडे-गोवऱ्या नाही. जो सापडला त्याचं नाव फाटकावरच्या फळ्यावर, खडूनं, येताजाता सगळ्यांनी वाचायला.

मी घरोघरी गेली. कोणी पाठवलं नव्हतं, मीच गेली. अनसूयाबाईंना तर दारातच सुनावलं, लोटाभर पाणी ओतलं म्हणजे कंडा विझला असं समजू नका, वरून काळा दिसते, आतून लाल राहते, दोन-दोन दिवस धुमसते तो! त्या "अच्छा, अच्छा" करत दार लावून मोकळ्या.

अन् आला इतवार. इतवारी गक्कड-भरता झाला नाही तर ह्यांचा हप्ता सुरू होत नाही. कणकेचे गोळे निखाऱ्यावर भाजायचे, शेजारी वांगी भाजायची, कारखान्यातल्या देवदत्त भाऊजींना जेवायला बोलवायचं, वीस वर्षांचा नेम आहे. मी म्हटलं गॅसवर करा, तर म्हणे गॅसवर गक्कड करणारा माणूस जबलपूरचा नाही. बरं म्हटलं, आंघोळीला गेली, बाहेर येते तर... वास येऊन राहिला! मागच्या अंगणात कंडे फुललेले, लूचा गरम वारा सुटलेला, ठिणग्या उडून राहिल्या अन् हे उकिडवे बसून वांगं उलटवून राहिले. "अगं, ही आग थोडी आहे? स्वयंपाक आहे हा!" असं म्हणाले, तुम्हीच सांगा काय करायचं ह्या माणसाचं? ओतलं पाणी, गक्कडसकट सगळं घमेल्यात भरलं अन् देऊन आली कुंपणाबाहेर फेकून. देवदत्त भाऊजी बिचारे पोळी खाऊन गेले.

सोमवारी दुपारी पुन्हा... वास येऊन राहिला. ह्यांना सांगितलं, सुट्टी होती, लोळून राहिले होते. म्हणाले, अनसूयाबाईंची उदबत्ती. अनसूयाबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तुमची फोडणी. मग मीच मागचं दार उघडलं.

बापा रे.

गवत पेटलं होतं. आवाज कसा येते माहीत आहे? हजार माणसं एकदम दाणे फोडून राहिल्यासारखा. अन् वारा भिंतीकडे! मी ओरडली, ओली चादर घेऊन आपटत सुटली, हे बनियनवर बादल्या घेऊन धावले, अनसूयाबाईंनी पाइप लावला, अन् आग आपली पुढे, पुढे, भिंत पंधरा हातांवर, दहा हातांवर... डोळे मिटले मी. म्हटलं नर्मदा मैया, आता आम्ही काही राहत नाही, मागे खमरियाही राहत नाही. तेवढ्यात दमकल आली, आगीचा बंब. विझली. आठ हात राहिली होती भिंत, मी स्वतः मोजली.

मग गेटवरचे आलोक भैया काठीनं राख उकरत आले आमच्या कुंपणापर्यंत. राखेत निघाले अर्धे जळालेले कंडे. अन् त्यांच्यात एक गक्कड.

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खाली पाहिलं. बोलले नाहीत हो, माझ्यासाठी गप्प राहिले, तेवढं कबूल करते. पण अनसूयाबाई! पाइप हातातच, अन् शांतपणे म्हणतात, "दीदी, वरून काळा, आतून लाल, असंच न?"

आलोक भैयांनी विचारलं, "किसने फेंका?"

सांगावंच लागलं, मीच म्हणून. माझं नाक खरं होतं, इतवारी अन् सोमवारी, दोन्ही दिवस! पण फळ्यावर नाकाचं नाव लिहीत नाहीत. हप्ता झाला, कोणी पुसत नाही, येताजाता मीच वाचून राहिली आहे... चांगलं ठळक अक्षरात लिहिलं आहे, सुहासिनी.